साच्यातल्या बाईला आपली म्हणू नका



गेल्या वर्षी मार्गशीर्षात एक बाई यवतला आमच्या सल्ला केंद्रात आली. वय पंचेचाळिशीचं. नवऱ्यानं टाकलेली, वीस वर्षं माहेरी राहणारी. भावांच्या शेतात राबायची, दोन गाई सांभाळायची. दुधाचा पगार मात्र भावाच्या खात्यावर जमा व्हायचा. बाप वारला, वारसनोंद झाली आणि सातबाऱ्यावर भावांच्या नावाबरोबर हिचंही नाव लागलं. तिथून घरातली हवा बदलली. जेवणावरून टोमणे, खोलीला कुलूप, ‘सही कर, नाहीतर चालती हो’. दिवाळीत भाऊबीजेला भावानं साडी घेतली आणि त्याच आठवड्यात तिला गाडीत बसवून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेलं. हक्कसोडपत्रावर सही झाली. ती आमच्यापर्यंत पोचली तेव्हा महिना उलटून गेला होता.

मी विचारलं, “मावशी, आधी का नाही आलात? आमच्या केंद्राचं पोस्टर तर तुमच्या दूध डेअरीच्या भिंतीवर लावलंय.”

ती म्हणाली, “रोज बघत होते की ताई. पण त्या चित्रातल्या बाईला नवऱ्यानं मारलंय. मला कुठं नवरा हाय? अन् मला मारलं बी नाय कुणी. मला वाटलं, ते माझ्यासाठी नाय.”

ते पोस्टर मी केलं होतं. रात्री साडेदहाला, मोबाईलवर, वीस मिनिटांत. डिझाईनच्या अ‍ॅपमध्ये कौटुंबिक हिंसाचार हा विषय शोधला, समोर चाळीस-पन्नास तयार नमुने आले, त्यातला एक निवडला. काळी पार्श्वभूमी, डोळ्याखाली निळा डाग असलेली गोरी बाई, तिच्यासमोर रोखलेला पुरुषाचा पंजा. इंग्रजी मजकूर काढून मराठी टाकला, खाली केंद्राचा फोन नंबर. बैठकीत सगळ्यांनी वाहवा केली. ‘अगदी प्रोफेशनल दिसतंय,’ असं कुणीतरी म्हणालं, आणि मला ते ऐकून बरं वाटलं होतं हे कबूल करते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा फक्त मारहाणीपुरता नाही आणि फक्त नवऱ्यापुरताही नाही. शिवीगाळ, अपमान, पैसे काढून घेणं, घराबाहेर काढण्याची धमकी, हे सगळं त्यात येतं. रक्ताच्या नात्यानं एका घरात राहणाऱ्या बाईला भावाविरुद्धही दाद मागता येते. कायदा करताना देशभरातल्या बायकांच्या संघटनांनी हे एकेक कलम भांडून मिळवलं. आणि मी वीस मिनिटांत, एका चित्रानं, तो कायदा पुन्हा आखूड करून टाकला. कायद्यानं दार रुंद केलं होतं, माझ्या पोस्टरनं ते अरुंद केलं. आज त्या मावशीसमोर दिवाणी दाव्याचा रस्ता आहे. तो किती लांबचा असतो हे आपल्याला माहीत आहे.

म्हणून हा लेख. आपल्या गटांमध्ये हल्ली एक वाक्य फार ऐकू येतं: ‘डिझाईन काय, तयार मिळतं, मजकूर महत्त्वाचा.’ माझं म्हणणं असं की हे वाक्य चुकीचं आहे आणि चळवळीला महाग पडतं आहे.

साचा मुका नसतो

आपण समजतो की तयार नमुना म्हणजे रिकामं भांडं. त्यात आपला मजकूर ओतला की तो आपला झाला. पण साचा आधीच तीन गोष्टी ठरवून बसलेला असतो.

पहिली गोष्ट, बाई कशी दिसते. नमुन्यांतली बाई सडपातळ, गोरी, मोकळ्या केसांची. महिला दिनाची असेल तर तिच्या केसांतून फुलं आणि फुलपाखरं उडत असतात. अत्याचाराची असेल तर ती कोपऱ्यात गुडघ्यात डोकं घालून बसलेली असते. यवतच्या बाजारात, गुऱ्हाळावर, उसाच्या फडात, डेअरीच्या रांगेत दिसणारी बाई, मॅक्सीवर टॉवेल घेतलेली, डोक्याला फडकं बांधलेली, कासोट्यातली म्हातारी, यातली एकही तिथे नाही. आणि उडणारी नाही तर रडणारी, या दोन्हींच्या मधली, म्हणजे भांडणारी, हिशेब मागणारी, कागद वाचून घेणारी बाई तर मुळीच नाही.

दुसरी गोष्ट, जागा कुणाला. मोबाईलचं सोडा, आपल्या हायवेवरच्या कुठल्याही फ्लेक्सच्या दुकानात जा. दुकानदार म्हणेल, “ताई, महिला दिनाचं रेडी आहे, फक्त नावं टाकतो.” संगणकावर तो जी फाईल उघडतो ती मुळात पुढाऱ्यांच्या वाढदिवसासाठी बनलेली असते. वर दोन गोल, एका बाजूला उभा माणूस हात जोडून, खाली शुभेच्छुकांची रांग. रंग बदलून गुलाबी केला की झाला महिला दिन. दोन वर्षांपूर्वी आम्ही असाच एक फ्लेक्स केला. वरच्या गोलांत कुणाचे फोटो टाकायचे हा प्रश्न आला. गोल रिकामे ठेवले तर बरं दिसेना. मग एका गोलात सावित्रीबाई आल्या आणि दुसऱ्यात सरपंचबाईंचे यजमान. सरपंचबाई शुभेच्छुकांच्या रांगेत. आमच्यापैकी कुणीही ठरवून हे केलं नव्हतं. जागा होती म्हणून माणूस आला! पंचायतीत बायकांना १९९३ मध्ये एक तृतीयांश आणि आपल्या राज्यात २०११ पासून निम्म्या जागा मिळाल्या. त्या निम्म्या जागा आम्ही आमच्याच फ्लेक्सवर सोडून दिल्या.

तिसरी गोष्ट सगळ्यांत गंभीर आहे: विषय कोणता. मी आमच्या गटानं वर्षभरात व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली चित्रं मागे जाऊन पाहिली. ३ जानेवारीची सावित्रीबाई जयंती, संक्रांतीचं हळदीकुंकू, ८ मार्च, मातृदिन, योग दिन, राखीपौर्णिमा, नवरात्राचे नऊ रंग. ज्याचा तयार नमुना मिळतो ते सगळं आम्ही साजरं केलं. हक्कसोडपत्रावर एकही चित्र नाही. रेशनकार्डातून नाव कमी होण्यावर नाही. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे काम करणाऱ्या बायकांनी लैंगिक छळाची तक्रार कुठे करायची, यावर नाही. कारण हे विषय शोधले तर अ‍ॅपमध्ये काही निघत नाही. निघणार कसं? हक्कसोडपत्र म्हणजे काय, सही न देणाऱ्या बहिणीचं माहेर कसं तुटतं, हे नमुने बनवणाऱ्याला कुठून ठाऊक असणार? त्याचा तो दोष नाही. दोष आपला आहे, की ज्याचं चित्र मिळत नाही तो विषयच आपण सोडून देतो.

क्लारा झेटकिननं १९१० साली कोपनहेगनच्या परिषदेत बायकांच्या आंतरराष्ट्रीय दिवसाची कल्पना मांडली ती मताचा हक्क मिळवण्यासाठी आणि कष्टकरी बायकांच्या मागण्यांसाठी. त्या दिवसाचं फुलपाखरू कसं झालं याचं उत्तर बाजारात आहे हे खरं, पण थोडं आपल्या मोबाईलमध्येही आहे.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं

या लेखातला विचार मी आमच्या जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत मांडला तेव्हा माझ्यावर बरीच टीका झाली. ती टीका प्रामाणिक होती, म्हणून तिला उत्तर देणं माझं काम आहे.

एक मैत्रीण म्हणाली, “तुला बोलायला काय जातं? माझ्याकडे तेवीस गावं आणि एक स्कूटी आहे. चित्र काढत बसू की केसेस बघू?” तिचं खरं आहे. पण मी तिला माझ्या वीस मिनिटांचा हिशेब सांगितला. वीस मिनिटं वाचवली आणि एक बाई महिनाभर उशिरा आली. न आलेल्या किती, ते मोजताच येत नाही. पोस्टर बघून जी बाई येत नाही तिची नोंद आपल्या कुठल्याही रजिस्टरमध्ये नसते.

दुसरी म्हणाली, “पूर्वीची पोस्टर्स तरी गावातल्या बायकांनी कुठे केली होती? ती मुंबई-पुण्याच्या शिकलेल्या चित्रकार बायांनीच केली. आता निदान गावातली पोरगी स्वतःच्या मोबाईलवर स्वतः करते.” हा मुद्दा सर्वांत वजनदार आहे आणि तो मी निम्मा मान्य करते. ऐंशीच्या दशकात मंजुश्री सारडा यांच्या मृत्यूनंतर पुण्यातून नारी समता मंचानं ‘मी एक मंजुश्री’ हे पोस्टर प्रदर्शन महाराष्ट्रात फिरवलं. ते शहरातल्या शिकलेल्या बायांनीच उभं केलं होतं. पण ते एका खऱ्या बाईपासून सुरू झालं होतं. त्याचं नावच पाहा. बघणाऱ्या बाईला ‘ही मीही असू शकते’ असं वाटावं, हा त्या नावातला विचार आहे. माझ्या पोस्टरनं नेमकं उलटं केलं: ‘ही मी नाही’ असं वाटायला लावलं. आणि मोबाईलबद्दल म्हणाल तर मोबाईलला माझा विरोध नाहीच. त्याच अ‍ॅपमध्ये कोरं पानही मिळतं. आपल्या डेअरीचा, आपल्या तलाठी कचेरीच्या पायरीचा, आपल्या हातांचा फोटो त्याच मोबाईलनं काढता येतो. हत्यार वापरा. दुसऱ्याचा साचा हत्यार म्हणून वापरू नका, एवढंच.

तिसरं म्हणणं वस्तीतल्याच एका वहिनींचं होतं आणि ते मला लागलं. त्या म्हणाल्या, “तुम्हा ताईंना हातानं काढलेलं, मळकं, तसलंच आवडतं. गरिबाच्या बायांना गरीबच चित्र का? आम्हाला पण झकास रंगीत पाहिजे.” यात आपल्यासारख्या एम.एस.डब्ल्यू. झालेल्या, खादीच्या झब्ब्यातल्या कार्यकर्त्यांसाठी धडा आहे. हाताचं म्हणजे ओबडधोबड, आणि ओबडधोबड म्हणजे खरं, हीसुद्धा एक तयार चौकटच झाली. वहिनींना झकास पाहिजे असेल तर झकासच करायचं. पण काय झकास आहे ते वहिनींनी ठरवायचं. मी नाही आणि अ‍ॅपनंही नाही.

चौथं म्हणणं पैशाचं. निधी देणाऱ्यांना अहवालात नीटनेटकी चित्रं लागतात, बोधचिन्हं एका ओळीत लागतात. लागू देत. अहवालासाठी वेगळं करा. पोस्टर हे ज्या भिंतीवर लागतं त्या भिंतीसमोरच्या बाईसाठी असतं, अहवाल वाचणाऱ्या साहेबासाठी नाही. आपण ही दोन कामं एकात केली आणि दुसरं पहिल्याला खाऊन बसलं.

केडगावची आठवण

यवतहून दौंडकडे गाडी निघाली की खुटबाव आणि मग केडगाव. तिथला ‘मुक्ती’चा परिसर आपल्यातल्या अनेकींनी पाहिला असेल. पंडिता रमाबाईंबद्दल आपण एरवी परित्यक्ता, विधवा, दुष्काळातल्या मुली यांच्या संदर्भात बोलतो. त्यांच्या धर्मांतराबद्दल आपापली मतं असू शकतात. मला इथे त्यांचं एक वेगळं काम सांगायचं आहे.

बायबलचं मराठी भाषांतर त्यांच्या काळात तयार होतं. मिशनऱ्यांनी आणि त्यांच्या पंडितांनी ते केलेलं होतं, छापलेलं होतं, हवं तेवढं मिळत होतं. पण ती मराठी सामान्य बाईला कळणारी नाही असं रमाबाईंचं मत होतं. दुष्काळातून आलेल्या, नुकतीच अक्षरओळख झालेल्या मुलींना वाचून समजेल असं पुस्तक त्यांना हवं होतं. मग या संस्कृत पंडितेनं उतारवयात हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला आणि मुळावरून, साध्या मराठीत, स्वतः भाषांतर केलं. आयुष्याची शेवटची सुमारे अठरा वर्षं त्यात गेली. केडगावला छापखाना होता. खिळे जुळवणं, छापणं, बांधणी ही कामं तिथल्या बायका-मुली करत. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई वारल्या; पूर्ण ग्रंथ त्यांच्यामागे, १९२४ मध्ये बाहेर आला.

आजच्या भाषेत बोलायचं तर रमाबाईंना कुणी म्हणालं असतं, ‘बाई, तयार आहे की, उगाच वेळ कशाला घालवता?’ तेही खोटं नव्हतं. पण बायकांसाठीचं पुस्तक बायकांच्या भाषेत नसेल तर ते कुणासाठी आहे, हा त्यांचा प्रश्न होता. आणि छापखान्यात खिळे जुळवणारी मुलगी फक्त मजूर राहिली नाही. तिच्या हाती एक विद्या आली. आपल्या तालुक्यात शंभर वर्षांपूर्वी दुष्काळातून आलेल्या मुली अख्खा ग्रंथ जुळवत होत्या, आणि आपण एक पोस्टर जुळवायला वेळ नाही म्हणतो!

मी काही प्रत्येक गटानं हिब्रू शिकावं असं म्हणत नाही. पण ‘मजकूर महत्त्वाचा, बाकी काय’ म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की रमाबाईंकडे मजकूर आयता होता. त्यांचं भांडण तो कुणाच्या तोंडच्या भाषेत आहे यावरच होतं.

तीन रविवार

त्या मावशी येऊन गेल्यावर आम्ही हक्कसोडपत्रावर पोस्टर करायचं ठरवलं. नमुना नव्हताच, त्यामुळे मोह झाला नाही. अकराजणी, तीन रविवार, समाजमंदिरात. जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजू, काव, स्केचपेनं.

पहिला रविवार नुसता बोलण्यात गेला. काय दाखवायचं? एकीनं सातबारा काढला, एकीनं अंगठा. एकीनं दुष्ट भाऊ काढला, मिशा पिळणारा. त्यावर दुसरी उसळली, “माझा भाऊ असा नाय. माझ्या आजारपणात त्यानंच केलंय सगळं. तुम्ही असला भाऊ दाखवला तर मी हे पोस्टर गावात लावू देणार नाय.” वाद वाढला. मग एक म्हातारी, जी तोवर गप्प होती, म्हणाली, “भाऊ वाईट नसतो गं. तो कागद वाईट असतो.”

दुसऱ्या रविवारी तिनंच चित्र सांगितलं. ओवाळणीचं ताट. ताटात निरांजन, सुपारी, आणि घडी घातलेली साडी. साडीच्या घडीतून स्टॅम्पपेपरचा कोपरा बाहेर आलेला. भाऊ नाही, बहीण नाही, कुणाचा चेहरा नाही. फक्त दोन हात. ती चित्र सांगत होती आणि खोलीत एकदम शांतता झाली. मग एकेक बोलायला लागली. अकराजणींपैकी चौघींनी सही केलेली होती. त्या चौघी आमच्या गटात सहा-सात वर्षं होत्या, शिबिरांना आल्या होत्या, मोर्चात आल्या होत्या. हे त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. दोघींना आपण कशावर सही केली हेही नीट माहीत नव्हतं.

तिसरा रविवार शब्दांचा. मी लिहून नेलं होतं: ‘सही करण्यापूर्वी विचार करा.’ त्यांनी ते खोडलं. विचार करायला वेळ दिलाच कुठे जातो, असं त्या म्हणाल्या. सकाळी गाडीत बसवतात, दुपारी काम संपतं. शेवटी ठरलं ते असं: ‘साडी घ्या. कागद घरी ठेवून घ्या. वाचून घ्या. मग बोलू.’ खाली तीन ओळी माहितीच्या. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. महाराष्ट्रात तो १९९४ च्या दुरुस्तीनं आला, देशभर २००५ मध्ये, आणि २००५ च्या दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. हे सगळं सोपं करून तीन ओळींत बसवायला आमच्या वकील मैत्रिणीला घाम फुटला.

वहिनींच्या आग्रहानं साडीला रंग दिला, झकास हिरवा, लाल काठाचा. बाकी काळं-पांढरं. मोठ्या कागदावर झेरॉक्स काढल्या आणि साड्या हातानं रंगवल्या. रंगवताना पुन्हा बोलणं झालं. प्रत्येक साडीचा काठ थोडा वेगळा निघाला.

या पोस्टरमुळे आमच्याकडे किती बाया आल्या असं विचाराल. थोड्या आल्या. एकजण भावालाच घेऊन आली, दोघांनी मिळून वाटणीचं विचारलं. पण मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती दुसऱ्या रविवारची. तयार नमुना घेतला असता तर तो रविवार झालाच नसता. वीस मिनिटांत आपण पोस्टर वाचवत नाही, बैठक वाचवतो. आणि बैठक हीच तर चळवळ आहे.

मग साचा नकोच का?

असं मी म्हणत नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी जात्यावर ज्या ओव्या रचल्या त्यांना साचा होताच. चाल ठरलेली, ओळींची लांबी ठरलेली, सुरुवातीचे शब्दसुद्धा पुष्कळदा ठरलेले. पण त्या साच्यात प्रत्येक बाईनं आपला भाऊ, आपलं सासर, आपला विठोबा, आपलं दुखणं घातलं. पुण्याहून हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हां यांनी गावोगावच्या ओव्या जमवल्या, त्या एक लाखाच्या वर भरल्या. एका साच्यातून लाखावर ओव्या! कारण तो साचा बायकांचा होता, कुणाही बाईला तो मोडता-जोडता येत होता, आणि त्यात दुसऱ्या कुणाचा चेहरा आधीपासून चिकटवलेला नव्हता. ठिपक्यांच्या रांगोळीचंही तसंच. ठिपके सगळ्यांचे सारखे, रेघ ज्याची त्याची. बाजारात मिळणाऱ्या जाळीच्या छापानं रांगोळी काढली की मात्र दारोदार एकच फूल उमटतं.

काही ठिकाणी तर तयार नमुनाच पाहिजे. माहिती अधिकाराचा अर्ज, कौटुंबिक हिंसाचार कायद्यातला घटना अहवाल, लैंगिक छळाच्या तक्रारीचा मसुदा. इथे स्वतःची प्रतिभा चालवू नका, बाईचं नुकसान होईल. मदतीचे क्रमांक, ११२ आणि १८१, सगळीकडे सारखेच आणि मोठ्या आकड्यांत असावेत. कचेरीच्या टेबलावर जे जातं ते ठरलेल्या नमुन्यात असू द्या. बाईच्या डोळ्यांसमोर जे जातं ते तिचं असू द्या. हा फरक आपण विसरलो, म्हणून अर्ज मनानं लिहितो आणि पोस्टर साच्यातून काढतो. नेमकं उलटं!

काय करता येईल

आमच्या गटानं स्वतःपुरतं चार गोष्टींवर एकमत केलं. तुम्हीही बैठकीत त्यावर बोला, पटल्या नाहीत तर भांडा.

एक: ज्या विषयाचा तयार नमुना मिळत नाही, तो विषय आधी घ्यायचा.

दोन: चित्रात फक्त अशीच बाई, अशीच भिंत, असंच भांडं यायचं की जे आपल्या गावात आहे. फोटो घेतला तर त्या बाईची संमती घेऊन, आणि केसमधल्या बाईचा कधीच नाही.

तीन: फ्लेक्सवर आधी मागणी, मग जागा उरली तर नाव, आणि फोटोचे गोल बंद.

चार: पोस्टर छापण्याआधी ते गटाबाहेरच्या तीन बायांना दाखवायचं आणि एकच प्रश्न विचारायचा: ‘हे कुणासाठी आहे असं वाटतं?’ तिघींपैकी एकीनंही ‘माझ्यासाठी नाही’ म्हटलं, तर थांबायचं आणि का ते विचारायचं.

हा चौथा प्रश्न मी वेळेवर विचारला असता तर त्या मावशींच्या सातबाऱ्यावर आज कदाचित त्यांचं नाव असतं. मी तो विचारला नाही, कारण माझं पोस्टर फार सुंदर दिसत होतं.

ते पोस्टर मी डेअरीच्या भिंतीवरून स्वतः काढलं. त्या जागी आता ताट आणि हिरवी साडी आहे. गेल्या महिन्यात मावशी तिथे दूध घालायला आलेल्या दिसल्या. दुधाचा पगार आता त्यांच्या स्वतःच्या खात्यावर येतो. पोस्टरकडे बोट करून त्या रांगेतल्या एका तरुण पोरीला काहीतरी सांगत होत्या. काय सांगत होत्या ते मी विचारलं नाही.